तिसऱ्या मजल्यावरचे मत

नालासोपारा पूर्वेच्या ज्या इमारतीत माझी आत्या राहते, तिला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने आत्याची डावी बाजू गेली. तेव्हापासून त्या घरातला प्रत्येक बेत या ५४ पायऱ्यांपाशी येऊन थांबतो. डॉक्टरांकडे जायचे, नातीच्या लग्नाला जायचे, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा, या प्रत्येक वेळी आधी पायऱ्यांचा हिशेब होतो. मतदानाचा दिवसही त्यातून सुटला नाही.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मतपत्रिका आणि शिक्क्यांच्या काळात तिने कितीतरी निवडणुकांना कर्तव्य बजावले. मतदाराच्या बोटाला शाई लावायची, यादीतले नाव मोठ्याने वाचायचे, संध्याकाळी पेटी लाखेने मोहोरबंद करायची, हे सारे तिच्या हाताखालून गेलेले आहे. तिचे स्वतःचे पहिले मत १९६२ सालचे, कारण तेव्हा मतदानाचे वय २१ होते. ते १८ वर आले ते १९८९ मध्ये. त्या पहिल्या मतापासून तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. पक्षाघातानंतर बोलणे थोडे जड झाले, पण सकाळचे वर्तमानपत्र आजही ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. ‘मला मतदानाला कसे नेणार?’ हा तिचा प्रश्न आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत तीनदा उभा राहिला, आणि तिन्ही वेळा त्याचे उत्तर वेगळे मिळाले. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा दिव्यांग माणूस आहे, त्यांना या तीन उत्तरांचा उपयोग होईल, म्हणून हा लेख.

तीन निवडणुका, तीन अनुभव

पहिला प्रसंग २० मे २०२४ चा. पालघर लोकसभा मतदारसंघाचे मतदान पाचव्या टप्प्यात होते. वयाची ८५ वर्षे पूर्ण झालेल्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरूनच टपाली मतपत्रिकेने मत देण्याची सोय त्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच देशभर झाली होती. आम्हांला हे कळले ते मतदानाच्या आठवडाभर आधी, दूरदर्शनवरच्या बातमीतून. चौकशी केली तेव्हा समजले की, त्यासाठीचा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. आमच्या टप्प्याची अधिसूचना २६ एप्रिललाच निघून गेली होती. मेच्या उन्हात तिला खाली उतरवण्याचा धीर आम्हांला झाला नाही. त्या दिवशी मुंबई परिसरात अनेक केंद्रांवर रांगा फार संथ चालल्या होत्या; डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आली. आत्या दिवसभर खिडकीपाशी बसून होती. तिने तक्रार केली नाही. संध्याकाळी मात्र शाई लागलेले माझे बोट हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिले.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीचा. यावेळी आम्ही जागे होतो. २२ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली आणि तिसऱ्या दिवशी भरलेला नमुना १२ ड मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बाईंच्या हाती गेला. मतदानाच्या काही दिवस आधी, कळवलेल्या वेळेला, दोन मतदान अधिकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा तरुण अशी मंडळी ५४ पायऱ्या चढून वर आली. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आत्याने ओळखपत्र दाखवले, उजव्या हाताने घोषणापत्रावर सही केली, आणि आडोशाआड मतपत्रिकेवर खूण केली. चित्रीकरण सुरू होते, पण मतपत्रिकेवर खूण करतानाचा क्षण चित्रित करायचा नाही, हे त्या तरुणाला नीट ठाऊक होते. मतपत्रिका लहान पाकिटात गेली, ते पाकीट घोषणापत्रासह मोठ्या पाकिटात गेले, दोन्ही चिकटवली गेली. सारे वीस मिनिटांत आटोपले. निघताना त्यांतल्या एका अधिकाऱ्याने, त्याही शिक्षिकाच होत्या, आत्याला वाकून नमस्कार केला.

तिसरा प्रसंग यंदाचा. वसई-विरार शहर महानगरपालिकेची निवडणूक २०१५ च्या जूननंतर थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. साडेदहा वर्षांनी आलेली ही निवडणूक आत्याला चुकवायची नव्हती. ‘लोकसभेचा खासदार मला कुठे भेटणार? गटार तुंबले, पाणी आले नाही, तर ज्याला हाक मारायची त्याला निवडायचे आहे,’ असे ती म्हणाली. आम्ही पुन्हा १२ ड च्या चौकशीला लागलो, आणि उत्तर आले की ती सोय या निवडणुकीला नाही.

तेव्हा आम्ही तिला खाली नेले. इमारतीतले चार तरुण पुढे आले. हातांची भक्कम खुर्ची, कमरेभोवती आणि पायांभोवती सैल बांधलेल्या दोन ओढण्या, मांडीवर उशी, तिच्यावर लुळा डावा हात. उतरताना फारसे अवघड गेले नाही. खाली रिक्षा, केंद्रावर चाकांची खुर्ची आणि स्वयंसेवक मुली होत्या. रांगेत उभे राहावे लागले नाही. खोली तळमजल्यावरच होती, पण तिच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि त्यांवर उताराऐवजी एक आखूड फळी टाकलेली होती. ती इतकी उभी होती की, चाकांची खुर्ची तिच्यावरून ढकलणे शक्यच नव्हते. शेवटी खुर्चीसकट आत्याला उचलले.

आत केंद्राध्यक्षांनी तिलाच विचारले, ‘आजी, चिन्हे दिसतात का? बटण स्वतः दाबू शकाल?’ आत्याने मान हलवली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, तुम्ही कक्षापर्यंत सोडा आणि मागे या.’ मी सोबतीण म्हणून तिच्याबरोबर आत जाण्याच्या तयारीने आले होते. क्षणभर वाईट वाटले. नंतर लक्षात आले की, ते नियमानेच वागत होते, आणि तो नियम आत्याच्या बाजूचा होता.

आमच्या प्रभागात चार जागा होत्या, म्हणून चार रंगांच्या मतपत्रिका आणि चार मते. आत्याला बराच वेळ लागला. मागे कुणीतरी चुकचुकले. मग यंत्राचा लांब आवाज आला आणि ती कक्षाआडून हात वर करून मला बोलावू लागली.

परतीचा प्रवास सोपा नव्हता. माणूस चढवणे हे उतरवण्याहून कठीण असते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागच्या मुलाचा पाय घसरला आणि खुर्ची कलली. कुणी पडले नाही, पण सावरताना आत्याचा डावा खांदा ओढला गेला. पुढे आठवडाभर तो दुखत राहिला आणि फिजिओथेरपीचे दोन महिन्यांचे काम मागे गेले. आत्याला त्याचे काही वाटले नाही. मला मात्र त्या खांद्याने विचार करायला लावले.

चिन्हांपासून ब्रेलपर्यंत

अडचण असलेल्या मतदारासाठी सोय करणे म्हणजे त्याच्यावर केलेली मेहेरबानी, असे पुष्कळांना वाटते. आपल्या लोकशाहीचा इतिहास तसे सांगत नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. नाव वाचता न येणाऱ्यांनी मत कसे द्यायचे, हा पहिलाच प्रश्न होता. त्यावेळी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली आणि पेटीवर चिन्ह लावण्यात आले. म्हणजे आज आपण ज्या निवडणूक चिन्हांना गृहीत धरतो, ती मुळात अडलेल्या मतदारासाठी केलेली सोयच होती. ‘वाचता येत नाही, मग घरी बसा’ असे कुणी म्हटले नाही. पद्धत माणसाकडे गेली.

पायाने अधू, डोळ्याने अंध, कानाने बहिऱ्या मतदारांपर्यंत ही दृष्टी पोहोचायला मात्र फार वर्षे लागली. २००४ साली दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि त्यानंतर मतदान केंद्रांवर उतार बांधणे, मतदान यंत्रावर ब्रेल अंक देणे यांना गती आली. आज यंत्राच्या प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक कोरलेला असतो. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही असते. अंध मतदाराने ती हाताने वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रावर तोच क्रमांक चाचपून बटण दाबायचे. कुणालाही काही न सांगता मत देता येण्याची ही मुभा अंध माणसाला किती मोलाची वाटते, ते डोळसांना सहसा उमगत नाही. लोकसभा-विधानसभेच्या यंत्राला जोडलेली चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते. तिची खात्री मात्र अंध मतदाराला अजूनही स्वतः करून घेता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे कलम ११ अगदी थोडक्यात आहे: सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना वापरता येतील अशी असली पाहिजेत, आणि निवडणुकीचे सर्व साहित्य त्यांना समजेल व हाताळता येईल असे असले पाहिजे. ही जबाबदारी या कलमाने भारत निवडणूक आयोगावर टाकली आहे, तशीच राज्य निवडणूक आयोगांवरही. ‘केले तर बरे’ अशी त्याची भाषा नाही. ते बंधन आहे.

घरून मतदानाची वाट २०१९ साली उघडली. तेव्हा निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती होऊन ८० वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांना टपाली मत देण्याची परवानगी मिळाली. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे हिमाचल प्रदेशातले श्यामसरण नेगी यांनी आपले अखेरचे मत २ नोव्हेंबर २०२२ रोजी घरूनच दिले आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पुढे १ मार्च २०२४ च्या दुरुस्तीने वयाची अट ८० वरून ८५ करण्यात आली. लोकसभा निवडणूक जाहीर करताना आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार देशात ८५ वर्षांवरचे सुमारे ८२ लाख मतदार होते, नोंद झालेले दिव्यांग मतदार ८८ लाखांहून अधिक होते, आणि शंभरी ओलांडलेले दोन लाखांहून जास्त.

मग महापालिकेच्या वेळी आमची अडचण का झाली? कारण लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. घरून मतदानाचा नियम पहिल्या प्रकारच्या निवडणुकांचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या निवडणुकांना तो आपोआप लागू होत नाही. एकाच घरातली, एकाच खुर्चीवरची एकच बाई नोव्हेंबर २०२४ मध्ये घरून मत देऊ शकते आणि चौदा महिन्यांनी देऊ शकत नाही, याचे कारण इतकेच आहे. तिची प्रकृती बदललेली नसते. बदललेली असते ती निवडणूक.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर हा भेद मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती आणि नंतरच्या वर्षांत शहर झपाट्याने वाढले. नालासोपारा आणि विरार पूर्वेला लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींची दाटी आहे. तिथे तिशीत घर घेतलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत पोहोचली आहेत, आणि त्यांची मुले पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री परततात. पश्चिमेच्या गावांत घरे बैठी आहेत, पण वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट अरुंद आहे. पाणजूसारख्या बेटावर तर होडीवाचून जाणे-येणे नाही. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला होडीत चढवायचे कसे, याचे उत्तर उताराच्या फळीत सापडत नाही. रस्ता, गटार, दवाखाना आणि पाणी हे ज्यांच्या हाती असते, ती महापालिका अशा माणसाच्या सर्वांत जवळची. तिलाच मत देणे त्याला सर्वांत अवघड व्हावे, हे खटकणारे आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आणि दिव्यांगांच्या संघटनांनी ही मागणी पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता, आताच लेखी मांडायला हवी.

आधीपासून करायची तयारी

आमच्या तीन अनुभवांतून सर्वांत ठळकपणे शिकलेली गोष्ट ही, की मतदानाच्या आठवड्यात केलेली धावपळ फारशी उपयोगी पडत नाही. पुढील कामे निवडणूक नसतानाच उरकावीत.

मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद करून घ्यावी. त्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल, तर तीही याच अर्जाने दुरुस्त होते. आई-वडील गावाहून कायमचे आपल्याकडे राहायला आले असतील किंवा वृद्धाश्रमात राहत असतील, तरी नव्या पत्त्यावर नाव आणता येते. हा अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा आपल्या भागातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. आपण त्यांना बीएलओ म्हणून ओळखतो. बहुधा त्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांचे नाव आणि फोन क्रमांक औषधांच्या यादीशेजारी लिहून ठेवावा. १९५० हा मदत क्रमांक आणि दिव्यांग मतदारांसाठीचे ‘सक्षम’ हे ॲप यांवरूनही नोंदणी करता येते, आणि चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवता येते.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. ८० ते ८४ वयाच्या मतदारांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. वयाची अट ८५ झाल्यामुळे ८२ वर्षांच्या, गुडघे झिजलेल्या माणसाला केवळ वयावर घरून मतदान मिळत नाही. पण ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर मिळते. पक्षाघातानंतरचे अपंगत्व, अधू दृष्टी, बहिरेपण, पार्किन्सन्स हे सारे या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हातारपण म्हणून आपण ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, ते कित्येकदा नोंद होण्याजोगे दिव्यांगत्व असते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैद्यकीय तपासणी झाली की युडीआयडी कार्ड मिळते. मतदाराचे ओळखपत्र हाताशी नसेल तर हे कार्ड मतदानाच्या वेळी ओळखीचा पुरावा म्हणूनही चालते.

लोकसभा-विधानसभेला घरून मत द्यायचे असेल तर अधिसूचनेच्या तारखेकडे लक्ष ठेवावे. मतदानाची तारीख सगळ्यांना ठाऊक असते, अधिसूचनेची नसते. त्यानंतर फक्त पाच दिवस हाती असतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. १२ ड मंजूर झाला की, यादीत आपल्या नावापुढे तशी खूण होते आणि मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक ठरल्या वेळी येते; मतदार घरी नसेल तर आणखी एकदा येते; तेव्हाही भेट झाली नाही तर मत हुकते. म्हणून त्या दिवसांत रुग्णालयातली तपासणी वगैरे ठेवू नये.

सोबत्याचे काम आणि त्याची मर्यादा

अंध किंवा शरीराने दुर्बल मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर त्याला आपल्या पसंतीचा सोबती मतदान कक्षात नेता येतो. सोबत्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. एका दिवसात एका माणसाला एकाच मतदाराचा सोबती होता येते, म्हणजे आई आणि वडील दोघांनाही मदत लागत असेल तर घरातली दोन माणसे हवीत. मत कुणाला दिले हे गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही, असे लिहून द्यावे लागते. मतदार स्वतः चिन्ह ओळखून बटण दाबू शकत असेल, तर सोबत्याने कक्षापर्यंत सोडायचे आणि बाहेर थांबायचे. आत्याच्या बाबतीत हेच झाले.

शाईची काळजी करू नये. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला, डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताला, आणि दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताच्या टोकाला शाई लावण्याची तरतूद नियमातच आहे. बोटे गमावलेल्या कुष्ठमुक्त माणसांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

स्मृतिभ्रंश असलेल्या आई-वडिलांचे काय, हा प्रश्न घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो. कायदा स्पष्ट आहे. सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केल्याखेरीज या कारणावरून कुणाचेही नाव यादीतून वगळता येत नाही. डॉक्टरांच्या निदानाने मताचा हक्क जात नाही. चांगल्या दिवशी, सकाळच्या शांत वेळी, तिने आपणहून ‘जाऊ या’ म्हटले तर न्यावे. ती गोंधळली, घाबरली, तर आग्रह न करता परत आणावे. काळजी घेणाऱ्याने मनाशी एक खूणगाठ बांधावी: तिच्या नावाचे मत हे आपले दुसरे मत नव्हे.

मतदानाच्या दिवशी प्रकृती सांभाळताना

सकाळी लवकर, नाश्ता आणि औषधे झाल्यावर निघावे. मधुमेही माणसाला उपाशीपोटी नेऊ नये. पिशवीत साखर किंवा गोळ्या असू द्याव्यात. पार्किन्सन्सच्या रुग्णाची हालचाल औषध घेतल्यानंतर ज्या वेळेत सर्वांत मोकळी असते, तीच वेळ निवडावी. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करणाऱ्या माणसांना मेच्या उन्हात चक्कर येते. त्यापेक्षा डायपर बांधलेला बरा. बराच वेळ बसलेल्या माणसाला एकदम उभे करू नये. रक्तदाब उतरून तोल जातो. चष्मा आणि कानाचे यंत्र आठवणीने घालावे.

पायऱ्यांवरून खुर्चीत नेताना तोंड उताराच्या दिशेला, खुर्ची किंचित मागे कललेली, आणि जास्त ताकदीचा माणूस पाठीमागे असावा. प्रत्येक मजल्यावर थांबावे. बोलणारा एकच असावा. ‘उचला’, ‘थांबा’ त्यानेच म्हणावे. पक्षाघात झालेला हात धरून कधीही ओढू नये. तो खांदा सहज निखळतो. तिघांपेक्षा कमी माणसे असतील तर हा बेत करूच नये. चाकांची खुर्ची तीव्र उतारावरून खाली आणायची असेल तर ती उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, मागे मागे सरकत आणावी.

उतार चांगला की वाईट, हे ओळखण्याचा सोपा हिशेब आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. दारात अर्ध्या फुटाची एक पायरी असेल तर सहा फुटांची फळी लागेल. आमच्या केंद्रावरच्या दोन पायऱ्यांना बारा फुटांचा उतार हवा होता. तिथे फळी होती चार फुटांची. आपल्या भागातले मतदान केंद्र बहुधा शाळेत असते आणि शाळा वर्षभर तिथेच असते. एखाद्या रविवारी जाऊन दार, पायरी आणि स्वच्छतागृह पाहून यावे, मोजमाप घ्यावे आणि लेखी कळवावे. त्या उताराचा उपयोग मतदानाला एक दिवस होईल आणि शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलाला रोज होईल.

आत्याचा खांदा आता बरा आहे. फेब्रुवारीत आम्ही दोन कामे केली. तिच्या दिव्यांगत्वाच्या नोंदीसाठी नमुना ८ भरला, आणि महापालिकेच्या निवडणुकीतही घरून मतदानाची सोय व्हावी, असे एक निवेदन लिहिले. मजकूर तिने सांगितला, मी उतरवून घेतला. शब्द जड उच्चारांतून एकेक करून येत होते, पण शिक्षिकेची सवय जाईना. माझ्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने दुरुस्त केल्या. इमारतीतल्या सतरा ज्येष्ठांनी त्यावर सह्या केल्या आहेत. त्यांतले अकरा जण जानेवारीत मतदानाला उतरू शकले नव्हते.

सही करताना तिने आपले बोट उजेडात धरले. मार्करची रेघ केव्हाच पुसट झाली होती. ‘आम्ही काडीने लावायचो,’ ती म्हणाली, ‘नखाच्या मुळाशी. महिना-दोन महिने जायची नाही.’ मग तिने पेन उजव्या हातात नीट धरले आणि पहिली सही स्वतःची केली.